जुन्या विद्यालयाचे उत्सवस्थान

इमारतीचे मूळ कार्य संपल्यावर तिचे काय करावे? बेळगावात 1832 सालची मिशनची शाळा, आजचे बेनन-स्मिथ हायस्कूल, अद्याप शाळाच आहे. कँपातील सेंट मेरी चर्चमध्येही उपासना चालते. चोर्ला घाट उतरून पणजीस गेल्यास मात्र निराळा प्रकार आढळतो. 1842 साली तेथे स्थापन झालेले वैद्यकीय विद्यालय पुढे गोवा मेडिकल कॉलेज झाले व कालांतराने बांबोळीस गेले. मांडवीकाठची त्याची जुनी वास्तू रिकामी झाली. 2004 साली आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव गोव्यात आला आणि हा परिसर त्याचे केंद्र बनला. 2016 पासून सेरेंडिपिटी कला महोत्सवाची प्रदर्शनेही तेथे मांडली जाऊ लागली.

हा बदल मला इष्ट वाटतो. रिकाम्या घराचे एक कौल सरकले तरी कोणी पाहत नाही. पाणी झिरपून वासे कुजतात. मात्र नवा वापर बेताने हवा. जांभ्याच्या भिंतीवरील चुन्याचा गिलावा ओल बाहेर सोडतो. सिमेंटचा गिलावा ती आत कोंडतो व दगड भुसभुशीत होतो. दिवे, पडदे भिंतीत खिळे न ठोकता सुट्या चौकटींवर उभारावेत. शिवाय महोत्सव थोड्या दिवसांचा, पाऊस चार महिन्यांचा! तेव्हा पन्हळी साफ करण्याचा खर्च आधीच बाजूस काढून ठेवलेला बरा.