वळण घरचे

वाचन : २ तीमथ्य १:३-५

तीमथ्याच्या विश्वासाचे मूळ पौलाला त्याच्या आजीत आणि आईत दिसते. पण घरातून आलेले सगळेच जपण्याजोगे असते का?

लक्ष्मीबाई टिळकांचे पाहा. माहेरी वडिलांचे सोवळे फार कडक. ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा व्हायला १९०० साल उजाडले. मधल्या काळात पतीजवळ राहायला आल्यावरही त्यांचे स्वयंपाकपाणी वेगळेच होते. मनाला पटले तरी हात मागे येतो, लहानपणचे वळण असे असते. सोवळे मोडण्याची सक्ती टिळकांनी केली नाही. ते हळूहळू, त्यांच्या स्वतःच्या मनाने सुटले.

अभंग-कीर्तनाचा वारसा मात्र टिळकांनी सोडला नाही. काही काळ आपल्या नागपुरात राहिलेल्या या कवीने ख्रिस्ताची भक्ती अभंगातच गायिली.

आता गडचिरोलीकडून वसतिगृहात येणारी गोंड, माडिया मुले. पहिल्याच दिवशी “इथे गोंडी बोलायचे नाही” असे बजावणारे आपल्यातही असतात. हेतू चांगला असेल. पण आईची भाषा विसरलेला मुलगा सुटीत घरी पाहुण्यासारखा बसतो. आजाऱ्याला दवाखान्याऐवजी मांत्रिकाकडे नेण्याची सवय सुटायलाच हवी. रेला नाच, वडीलधाऱ्यांचा मान, हे कशाला सोडायचे?

मंडळीत बोलण्यासाठी : तुमच्या घरचे कोणते वळण तुम्ही सोडलेत, आणि त्याला किती वर्षे लागली?