नवी सोय आधी की जुनी दुरुस्ती?

खानापूर तालुक्यातील गुंजी परिसराच्या शेतकऱ्याला पीककर्जासाठी लागणारा उतारा, म्हणजे जमिनीची मालकी, क्षेत्र आणि पीक दाखवणारी नोंद, कर्नाटक सरकारच्या ‘भूमी’ या संगणकप्रणालीतून मिळतो. सेवेत नवी भर घालायची की जुने दोष काढायचे, या प्रश्नाचा अनुभवसिद्ध धडा याच प्रणालीच्या पूर्वेतिहासात सापडतो.

केंद्र सरकारने 1988-89 मध्ये भूमिअभिलेखांच्या संगणकीकरणाची योजना सुरू केली, तेव्हा कर्नाटकात नोंदी एकदा भरल्या गेल्या खऱ्या, परंतु पुढचे फेरफार, म्हणजे खरेदी, वारसा वा वाटणीने होणारे मालकीबदल, त्यांत चढवण्याची सोय नसल्याने त्या शिळ्या झाल्या. ‘भूमी’ उभारताना भरलेल्या नोंदींचे छापील कागद तलाठ्यांकडून तपासून घेण्यात आले, फेरफार तालुका कचेरीतच संगणकावर, अर्ज आलेल्या क्रमाने होऊ लागले आणि हस्तलिखित उतारा बाद ठरवण्यात आला. येथे फेरफाराची नवी सोय हीच जुन्या दोषाची दुरुस्ती होती. म्हणून ‘नवे’ आणि ‘जुने’ अशी सरळ वाटणी करणे फसवे ठरते.

खरी कसोटी वापरणाऱ्याच्या अडचणीची असते. उदाहरणार्थ, उताऱ्यावर ‘गावडे’चे ‘गावडा’ झाले आणि आधारवरील नाव जुळेना म्हणून कर्ज अडले, तर उतारा मोबाईलवर घरबसल्या पाहण्याच्या सोयीने ती चूक लवकर दिसते, पण सुटत नाही.

म्हणून सेवा चालवणाऱ्यांनी दोषांची प्रतवारी करावी: माहिती बिघडवणारे किंवा काम अडवणारे दोष सर्वांत आधी घ्यावेत आणि केवळ दिसण्यातले दोष मागे ठेवावेत. सेवा किती वेळ बंद राहिलेली चालेल, याची मर्यादा आधीच ठरवावी, 99.9 टक्के उपलब्धतेचे वचन दिले असेल तर 30 दिवसांत सुमारे 43 मिनिटेच हाती उरतात, आणि ती संपली की नवी भर थांबवून दुरुस्तीच हाती घ्यावी. मात्र दुरुस्तीही निर्धोक नसते. संगणकशास्त्रज्ञ फ्रेड ब्रूक्स यांनी 1975 च्या ग्रंथात, एक दोष काढताना दुसरा शिरण्याची शक्यता 20 ते 50 टक्के असल्याचे नोंदवले आहे, त्यामुळे प्रत्येक दुरुस्तीनंतर आधी नीट चालणारी कामेही पुन्हा तपासावीत.

नव्या सोयीची घोषणा करण्यापूर्वी, तक्रारींच्या यादीतील सर्वांत जुनी तक्रार कोणती आणि ती का पडून आहे, हे प्रत्येक चमूने एकदा तरी पाहावे.