अ‍ॅडमिट मुलाच्या किडनीची सोनोग्राफी: पैसे कुठे, किती आणि कशाचे

मूल डेंगीनं किंवा जुलाब-उलट्यांनी अ‍ॅडमिट होतं आणि तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणतात, "किडनीची सोनोग्राफी करून घेऊ." आईबापांच्या पायाखालची जमीन सरकते. त्यातच काउंटरवरून पैसे भरायचा निरोप येतो. त्या वेळी हाताशी असावं म्हणून हे लिहिते आहे.

या तपासणीत सुई नाही, क्ष-किरण नाहीत, भूलही नाही. दहा-पंधरा मिनिटांचं काम. जेल मात्र गार असतं. तापलेल्या पोटावर ते पडलं की पोर आक्रसतं, रडतं, आणि रडण्यानं चित्र हलतं. जेलची बाटली थोडा वेळ कोमट पाण्यात ठेवायला सांगा, संकोच करू नका. तान्हं मूल आईच्या खांद्यावर असलं तरी पाठीकडून किडनी दिसते.

पुण्या-मुंबईच्या खासगी सेंटरमध्ये पोटाच्या सोनोग्राफीला साधारण ८०० ते २,००० रुपये पडतात, किडनीच्या डॉपलरला (रक्तप्रवाह पाहणाऱ्या सोनोग्राफीला) २,००० ते ४,०००. अ‍ॅडमिट मुलाच्या बिलात यावर आणखी चढतं: आयसीयूत मशीन खाटेपाशी आणल्याचा बेडसाइड चार्ज, रात्रीचा इमर्जन्सी चार्ज, शिवाय रूमच्या दर्जाप्रमाणे बदलणारा दर. म्हणून "सोनोग्राफीचे किती?" असं विचारू नका, "सगळं धरून बिलात किती लागेल?" असं विचारा. खासगी रुग्णालयांना दरपत्रक लावणं महाराष्ट्राच्या नियमांनी बंधनकारक आहे, ते मागा. स्वस्त पडेल म्हणून ऑक्सिजनवरचं मूल रिक्षात घालून बाहेरच्या सेंटरला मात्र नेऊ नका.

आता खरी गोष्ट. सोनोग्राफीत किडनीचा आकार, सूज, लघवीची वाट तुंबली आहे का, जन्मजात दोष आहे का, हे छान कळतं. लघवी अचानक बंद झाली असेल तर या तपासणीचे पैसे वसूल होतात. पण अशा आजारात किडनीला होणारी इजा नुकतीच सुरू झाली असेल तर किडनी चित्रात अगदी नॉर्मल दिसू शकते. "नॉर्मल" रिपोर्ट हातात आला म्हणजे सुटलो, असं धरून चालू नका. डॉपलरनं रक्तप्रवाहाचा अंदाज येतो. सूक्ष्म बुडबुड्यांचं इंजेक्शन देऊन करायची सोनोग्राफी इजा लवकर ओळखण्यासाठी अजून संशोधनातच आहे. त्यासाठी कुणी वेगळे पैसे सांगितले, तर उपचारात त्यानं काय बदलणार हे विचारा.

लवकर इशारा देणारी गोष्ट जवळजवळ फुकट आहे: लघवीचं मोजमाप. रक्तातलं क्रिएटिनिन (तपासणी साधारण १५० ते ४०० रुपये) वाढायला एक-दोन दिवस जातात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या 'अवेअर' या अभ्यासात अनेक देशांतल्या आयसीयूंमधली ४,६८३ मुलं आणि तरुण होते. त्यांतल्या २६.९ टक्क्यांच्या किडनीला इजा झाली. ज्यांची लघवी कमी झाली होती, त्यांतल्या दोनतृतीयांश रुग्णांमध्ये नुसत्या क्रिएटिनिनवरून ती इजा लक्षातच आली नसती.

मोजायचं कसं? सिस्टर कोरडा डायपर काट्यावर ठेवतात, समजा २५ ग्रॅम. ओला झाल्यावर ८५. म्हणजे ६० ग्रॅम, अर्थात साधारण ६० मिलिलिटर शू. दहा किलोच्या मुलाला सहा तासांत ३० मिलिलिटरही झाली नाही, तर लगेच डॉक्टरांना सांगायचं. ओला डायपर कचऱ्यात टाकण्याआधी वजन झालं का, हे आईनंच विचारावं. किडनीला त्रास देऊ शकणारी जेंटामायसिन, अ‍ॅमिकासिन किंवा आयबुप्रोफेन अशी औषधं चालू असतील तर जास्तच.

पैशांची अडचण असेल तर आधीच बोला. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांत ऑगस्ट २०२३ पासून तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. आजार योजनेत बसला आणि रुग्णालय योजनेतलं असलं, तर पॅकेजमधल्या तपासण्यांचे वेगळे पैसे घेता येत नाहीत. रेशन कार्ड घेऊन पहिल्याच दिवशी आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसाला, गाठा. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. तहसीलदारांचा दाखला लागतो, पण इमर्जन्सीत कागद नंतर देता येतात.

घरी निघताना सोनोग्राफीचा रिपोर्ट फाईलमध्ये आहे ना, त्यात दोन्ही किडन्यांची लांबी लिहिली आहे ना, ते बघून घ्या. किडनीला इजा झाली असेल तर तीन महिन्यांनी क्रिएटिनिन, लघवी आणि बीपी पुन्हा तपासायचं असतं. ती तारीख डिस्चार्ज कार्डावरच लिहून घ्या.