पाठीतल्या इंजेक्शनाला बोल लावण्याआधी

"सिझरला पाठीत इंजेक्शन दिलं, तेव्हापासून कंबर धरली ती धरलीच." भूलतज्ज्ञ म्हणून ही तक्रार मी सतत ऐकतो. तिच्या धास्तीने काही जणी पूर्ण भूल मागतात. मैत्रिणींनो, हा हट्ट नको. गरोदरपणी घशाला सूज असते, पोटातलं वर येऊन फुफ्फुसात जाण्याचा धोका असतो. पूर्ण बेशुद्धीत हे सांभाळणं अवघड जातं.

मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. आमची सुई त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या मणक्याच्या फटीत जाते. ती जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीची असते, औषध दोन मिलीच्या आसपास. टोचलेली जागा दोन-चार दिवस दुखेल. महिनोन्‌महिने दुखणाऱ्या कंबरेची कारणं मात्र वेगळी: गरोदरपणात सैल झालेले सांधे, पोटाच्या भाराने वाढलेला कण्याचा बाक आणि नंतर वाकून बाळाला पाजणं. इंजेक्शन न घेतलेल्या बाळंतिणींचीही कंबर तितकीच दुखते. पाजताना पाठीला टेकू घ्या, बाळाला उशीवर घेऊन छातीशी आणा.

खरा त्रास होऊ शकतो तो डोक्याचा. 1898 साली जर्मनीत ऑगस्ट बिअर यांनी ही भूल पहिल्यांदा वापरली, स्वतःवरही प्रयोग केला, आणि नंतर कित्येक दिवस त्यांचं डोकं दुखत राहिलं. सुईच्या छिद्रातून मणक्यातलं पाणी झिरपल्याने असं होतं. आता पेन्सिलीसारख्या टोकाची सुई तंतू न कापता बाजूला सारते, त्यामुळे हे प्रमाण खूपच घटलं आहे. उशी न घेता दिवसभर उताणं पडून राहिल्याने ही डोकेदुखी टळत नाही. बाळंतिणीला उगाच जखडू नका.

उठून बसलं की डोकं ठणकतं आणि आडवं झालं की उतरतं, असं झालं तर अंगावर काढू नका. बहुतेकींना वेदनाशामक पुरतं. नाहीच थांबलं, तर तुमचंच थोडं रक्त त्या जागी सोडून छिद्र बुजवता येतं. ताप, धूसर दिसणं, झटका किंवा पायातली ताकद जाणं, यांपैकी काहीही दिसलं तर लगेच रुग्णालय गाठा.

आणि सिझरआधी भूलतज्ज्ञांना सगळं खरं सांगा: रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मणक्याचं जुनं ऑपरेशन, आधीच्या भुलेचा त्रास आणि शेवटचं कधी, काय खाल्लं तेही.