रंगाला धरून कोण ठेवतं?

गेरूने छापलेली सुती ओढणी पहिल्या धुण्यातच बादलीभर तांबडं पाणी सोडते, तेव्हा सगळे गेरूला नावं ठेवतात. गेरूचा रंग कच्चा नसतो. तो लोहाचं ऑक्साइड आहे, अजिंठ्याच्या भिंतींवर दीड हजार वर्षं टिकलेला. कच्ची असते ती त्याची कापडावरची पकड. मातीचा कण पाण्यात विरघळत नाही, धाग्याच्या आतही शिरत नाही, तो नुसता धाग्यावर बसतो. म्हणून ठसेछपाईसाठी रंग करायला बसणाऱ्या प्रत्येकाला मी आधी विचारते, की या रंगाला कापडावर धरून कोण ठेवणार आहे?

बहुतेकांचं उत्तर असतं डिंक. बाभळीचा डिंक पाण्यात विरघळतो, त्यामुळे पाण्यात पडताच तो रंगासकट निघून जातो. चिंचोक्याची खळ रंग दाट करते, ठशाची रेघ पसरू देत नाही, पण रंगाला जन्मभर सांभाळणं हे तिचं काम नव्हे. बाजारातलं तयार बाइंडर पक्कं असतं, पण बहुतेक वेळा ते अॅक्रिलिक, म्हणजे प्लास्टिकच असतं. ते वापरायचं तर वापरा, फक्त मग गिऱ्हाइकाला कपडा पूर्ण नैसर्गिक असल्याचं सांगू नका.

माझा भरवसा सोयाबीनच्या दुधावर आहे. जपानमध्ये ही रीत जुनी आहे, आणि आपल्याकडे सोयाबीनला तोटा नाही. मूठभर दाणे रात्री भिजत घालावे, सकाळी बारीक वाटून दाट कापडातून गाळावे, पाणी घालून पातळ करावं. हे दूध तापवायचं नाही, कारण त्यातली प्रथिनं कच्चीच हवीत. कापड त्यात बुडवून, पिळून सावलीत वाळवायचं. मग उरलेल्या दुधात गेरू काचेवर घोटायचा, चिमटीत धरल्यावर करकर लागेनाशी होईपर्यंत. इथे घाई केली की जाड कण ठशाच्या बारीक नक्षीत अडकतात आणि पानाच्या शिरा बुजतात. दूध त्याच दिवशी संपवावं. उन्हाळ्यात दुपारपर्यंतच त्याला वास मारू लागतो. छापून झाल्यावर दोन-तीन आठवडे कापडाला पाणी लावू नये. एवढ्या काळात प्रथिनं घट्ट होतात, पुढे सहजी विरघळत नाहीत. हा धीर बहुतेकांना धरवत नाही. प्रदर्शन तोंडावर आलेलं असतं, माल ओलसरच विकला जातो आणि महिनाभरात तक्रार येते.

कोरं मांजरपाट आणून थेट छापणं हेही असंच. गिरणीच्या कापडाला खळ असते, तेलकटपणा असतो. धुण्याचा सोडा आणि साबण घालून ते उकळून काढावं लागतं. वाळल्यावर त्यावर पाण्याचा थेंब सोडून पाहा. तो मण्यासारखा उभा राहिला तर कापड पुन्हा उकळा. लगेच मुरला तर छापायला हरकत नाही.

मंजिष्ठेसारख्या वनस्पतींचा रंग पाण्यात उतरतो, त्याची पूड करायची तर तुरटीची मदत घ्यावी लागते. काढ्यात तुरटी विरघळवून सोड्याचं पाणी थोडं थोडं ओतलं, की तुरटीतलं अॅल्युमिनियम रंगाला घेऊन तळाशी बसतं. भांडं स्टीलचं आणि काढ्याच्या तिप्पट मोठं घ्या. फेस असा उसळतो की ओटा लाल होतो. गाळलेला साका बऱ्याच पाण्यांनी धुवावा, नाहीतर छाप वाळल्यावर त्यावर पांढरट क्षार फुटतात.

हळदीबद्दल लिहायला नको खरं तर. साबण लागला की हळदीचा डाग लाल होतो आणि उन्हात ठेवला की उडतो, हे प्रत्येक घरात माहीत आहे. तरी ‘नैसर्गिक पिवळा’ म्हणून हळदीने छापलेले कपडे विकले जातातच.

काळ्या रंगाची गोष्ट अधिक गंभीर आहे. राजस्थानातल्या बगरूचे आणि मध्य प्रदेशातल्या बाघचे छिपे गंजकं लोखंड आणि गूळ पाण्यात आंबवून काळा करतात. त्यात चिंचोक्याची खळ घालून हिरड्याच्या पाण्यातून काढलेल्या कापडावर छाप उठवला, की लोह आणि हिरड्यातलं टॅनिन मिळून धाग्यातच काळा तयार होतो. इतका पक्का काळा दुसरा नाही. पण हेच लोह जास्त झालं आणि आंबटपणा कापडात राहिला, तर सूत जळतं. संग्रहालयांतल्या जुन्या भारतीय छिटांवर काळ्या रेघांच्या जागी नुसत्या फटी उरलेल्या दिसतात, त्या यामुळेच. घाईपोटी हिराकस, म्हणजे लोहाचा तयार क्षार, चमच्याने ओतणारे मी पाहिले आहेत. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी विकत घेतलेली मलमलची ओढणी दोन पावसाळ्यांत पानांच्या कडेकडेने उसवली. पानं हातात आली, ओढणी वेगळी राहिली. लोह पातळ ठेवा, मलमलीवर भरीव काळे ठसे टाळा, आणि छाप वाळल्यावर कापड खडूची पूड घातलेल्या पाण्यातून काढून भरपूर धुवा.

आणि एक गोष्ट मी प्रत्येक वर्गात पुन्हा पुन्हा सांगते. एक तरुण आई बाळाच्या दुपट्यावर छापायला सोनेरी पिवळी पूड घेऊन आली होती. काष्ठौषधींच्या दुकानातून, ‘खनिज रंग, एकदम नैसर्गिक’ असं सांगून दिलेली. ती हरताळ होती, म्हणजे आर्सेनिक. हिंगुळात पारा असतो, शेंदरात शिसं. हे जुन्या चित्रकारांचे रंग आहेत, पण बाळ दुपट्याचा कोपरा तोंडात घालतं. यातलं काहीही कपड्यावर नको, घरात खलायलाही नको. गेरू किंवा काजळी खलतानासुद्धा नाकातोंडावर मास्क हवाच, आणि स्वयंपाकाची भांडी वेगळी.

नवा रंग विकण्याआधी त्याच कापडाच्या तीन पट्ट्या छापा. पहिली पट्टी अर्धी पुठ्ठ्याखाली झाकून दक्षिणेच्या खिडकीत महिनाभर लावा. दुसरी पट्टी पांढऱ्या चिंधीसोबत धुवा, तिसरीवर कोरडी आणि ओली चिंधी दाबून घासा. चिंधीला रंग लागला तर तो कपडा अंगावर घालायला देऊ नका. पडदा किंवा भिंतीवरचं वस्त्र म्हणून खुशाल द्या. पट्ट्यांवर तारीख, मापं आणि दूध कितपत पातळ होतं ते पेन्सिलने लिहून वहीत टाचून ठेवा. मंजिष्ठेच्या कपड्यासोबत चिठ्ठी द्या: रिठ्याने धुवा, लिंबू-व्हिनेगर लावू नका, सावलीत उलटा वाळत घाला.