‘अर्थ सांग पाहू!’

स्क्रॅबलचा डबा आपण घरी आणतो तेव्हा मनात खेळ कमी आणि इंग्रजी जास्त असतं. खोटं कशाला बोला! ‘तेवढीच व्होकॅबुलरी वाढेल’ असं दुकानातच एकमेकांना सांगून झालेलं असतं.

मग लेक एक दिवस क्यूला आय जोडते, दहा गुणांचा क्यू नेमका तिपटीच्या चौकोनावर बसवते आणि टाळीसाठी हात पुढे करते. आपण विचारतो, “अर्थ सांग पाहू याचा?” हात तसाच मागे जातो.

आपण रागावलेलो नसतो हो. कामावरून दमून आलेलो असतो, कुकरकडे एक कान असतो, आणि पालकसभेत कुणाचं तरी मूल फाडफाड इंग्रजी बोलताना ऐकलेलं असतं. शिवाय कॉलेजच्या पहिल्या वर्षी इंग्रजीपुढे आपली स्वतःची बोबडी वळली होती, तेही कुठेतरी आत असतंच. ती धास्ती बिचाऱ्या खेळावर निघते.

गंमत अशी, की स्क्रॅबलचे नियम अर्थ विचारतच नाहीत. शब्द ठरलेल्या शब्दकोशात सापडला की झालं. न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स 2015 मध्ये फ्रेंच स्क्रॅबलचे जगज्जेते झाले, तेव्हा त्यांना फ्रेंच बोलता येत नव्हतं. सुमारे नऊ आठवड्यांत त्यांनी फ्रेंच शब्दांची यादी पाठ केली होती म्हणे! पुढे 2024 मध्ये स्पॅनिशमध्येही त्यांनी तेच करून दाखवलं.

तेव्हा शब्द येतो पण अर्थ येत नाही, म्हणजे मूल नुसतं घोकतंय असं लगेच धरून चालू नका. कुठलं अक्षर कुणाशेजारी बसतं हे त्याच्या डोळ्यांना दिसायला लागलंय. ही वेगळी हुशारी आहे. मात्र निबंधात यामुळे दोन मार्क वाढतील, ही आशा सोडा. ज्या शब्दांवर डाव जिंकतात, ते शाळेच्या पेपरात फारसे फिरकत नाहीत.

आणि हातात क्यू अडकलेल्या मुलाचा चेहरा कधी नीट बघितलाय? यू नाही, डाव संपत आलाय, धाकटा भाऊ जिंकतोय. अशा वेळी क्यू-ए-टी आठवणं म्हणजे केवढी सुटका! हा खेळ रचणारे आल्फ्रेड बट्स हे मंदीत काम गेलेले अमेरिकन आर्किटेक्ट. वर्तमानपत्रात कुठलं अक्षर किती वेळा येतं ते त्यांनी मोजलं आणि त्यावरून सोंगट्या ठरवल्या. म्हणून इंग्रजी संचात ई बारा आणि क्यू एकच. अनेकवचनं फार सोपी होऊ नयेत म्हणून एस मुद्दाम चारच ठेवले. हे मुलांना सांगा, त्यांना असला हिशेब फार आवडतो.

अर्थ कळूच नयेत असं माझं म्हणणं नाही. उलट या चिमुकल्या शब्दांचे अर्थच खरे चविष्ट असतात. फक्त ते डाव संपल्यावर, सोंगट्या पिशवीत भरता भरता निघू द्यात. आणि “तुला येतो का?” याऐवजी “मला नाही बाई माहीत, बघ ना जरा,” असं म्हणून बघा. शब्दकोश मुलाच्या हातात असला की ते आपल्याला शिकवायला लागतं.

मग कळतं, की क्यू-आय लिहून ‘ची’ म्हणायचं, आणि चिनी विचारात ती जीवनशक्ती. क्यू-ए-टी म्हणजे येमेनमध्ये लोक जो पाला चघळतात तो. झेड-ओ हे याक आणि गाय यांच्या संकरातलं जनावर. झेड-ए म्हणजे चक्क पिझ्झा, डोक्याकडून छाटलेला. सी-डब्ल्यू-एममध्ये एकही स्वर नाही, तो वेल्श भाषेतून आला, अर्थ डोंगरातली खोलगट दरी. आणि नुसतं ए-ए म्हणजे खडबडीत, टोकदार लाव्हा, शब्द हवाईचा. आपला सह्याद्रीही लाव्हाच्या थरांचाच, हे तिथल्या तिथे सांगून टाकता येतं. गड चढताना आठवण निघेल, नाही निघाली तरी चालेल.

एक मात्र जरूर करा, आजीला डावात घ्या. “मला कुठलं इंग्रजी!” म्हणतील त्या. पण घी, रोटी, दाल, तबला, लाख, करोड हे सगळे तिथे चालतात, फक्त करोडचं स्पेलिंग ‘क्रोर’ असं. ‘चपाती’ची तर इंग्रजीत बरोब्बर सात अक्षरं. हातातल्या सातही सोंगट्या एकदम लावल्या की पन्नास जादा गुण, म्हणजे रंगीत चौकोन सोडले तरी चौसष्ट! आजीची चपाती बाबांच्या एमबीएला हरवते तेव्हा मुलं खुर्चीवर उभी राहून नाचतात. मुंगसाचं इंग्रजी नावही मराठीतूनच तिकडे गेलंय, हेही सांगून ठेवा. इंग्रजी ही फक्त मोठ्या शाळांची मालमत्ता आहे, असं मुलांना वाटायला लागलेलं असतं, ते थोडं सैल होतं.

वेळच नाही म्हणाल, तर मोबाइलवर वर्डल आहे. पाच अक्षरांचा एक शब्द, सहा प्रयत्न, रिक्षाची वाट बघताना होतं. तिथेही मुलाच्या आधी उत्तर सांगायचा मोह आवरा. फार कठीण आहे ते, मला माहीत आहे.

आणि हो, डाव मांडायच्या आधीच शब्दकोश कुठला ते ठरवून घ्या. शाळेच्या छोट्या डिक्शनरीत झेड-ए नसतो, स्क्रॅबलच्या यादीत असतो. निम्म्या डावात आपण “असा शब्दच नाही” म्हणालो आणि तो निघाला, तर पुढचा आठवडाभर घरात आपलं कुणी काही ऐकत नाही.