कुत्र्याने मोटारीची सीट फाडली तर

पूर्वी कुत्रे बैलगाडीखाली चालायचे. आता ते मोटारीत बसते. काटोलकडचा बागवान मोटारीने नागपूरला कळमना बाजारात जातो. सोबत कुत्रा असतो. मालक बाजारात, कुत्रा बंद मोटारीत.

मृग बहाराची संत्री फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतात. मार्चातले नागपूरचे ऊन आपल्याला ठाऊक आहे. काचा बंद असल्या की मोटार अर्ध्या तासात बाहेरच्यापेक्षा १५ ते २० अंशांनी जास्त तापते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. ते घाबरते, बाहेर पडायला पाहते, आणि दाताखाली येईल ते फाडते. त्याला मारून काय होणार? आधी सावलीत घ्या, पाणी पाजा. मग मोटारीकडे पाहू.

पहिल्याने वायरी पाहा. वायरीचे तांबे उघडे पडले असेल तर चावी फिरवू नका. ठिणगी पडून मोटार पेटू शकते. मिस्त्रीला बोलवा. पिवळ्या वेष्टनाच्या वायरीला तर हातही लावू नका. ती बहुधा एअरबॅगची असते. एअरबॅग म्हणजे अपघातात झटकन फुगून माणसाला वाचवणारी पिशवी.

मग पट्टा पाहा. पट्टा कुरतडला असेल तर तो शिवायचा नाही, नवाच घालायचा. धडक बसली की माणसाचा सगळा भार पट्ट्यावर येतो. तिथे टाके टिकत नाहीत. इथे पैसे वाचवू नयेत, असे आम्हाला वाटते.

सीटचे काम मात्र घरी होते. फक्त सीटच्या कडेला एअरबॅगची खूण असेल, तर ती बाजू कारागिरावर सोडा. आतला फोम गेला असेल तर तसल्याच फोमचा तुकडा खड्ड्यापेक्षा थोडा मोठा कापा आणि दाबून बसवा. कापूस भरू नका, त्याच्या गाठी होतात. आता जाड मांजरपाटाचे ठिगळ घ्या. ते फाटलेल्या जागेच्या आतून सरकवा. ठिगळाला आणि रेक्झीनच्या आतल्या बाजूला, दोन्हीकडे सोल्युशनचा पातळ हात द्या. लगेच चिकटवू नका. दहा मिनिटे थांबा. बोटाला ओले लागेनासे झाले की दोन्ही कडा जुळवून घट्ट दाबा. सोल्युशन लावताना दारे उघडी ठेवा, जवळ विडी पेटवू नका.

फाट मोठी असेल तर वाकडी सुई आणि नायलॉनचा दोरा घ्या. टाका कडेपासून थोडा आत घ्या, नाहीतर रेक्झीन पुन्हा उसवते. घरात गोधडी शिवणारी बाई असेल तर सुई तिच्याच हाती द्या. पुरुषांपेक्षा तिचा टाका सरळ येतो.

रात्रभर त्यावर वजन ठेवा. वास जायला काचा बोटभर उघड्या राहू द्या. दार मात्र नीट लावा. कुत्रे अंगणातच आहे.